ट्रफलच्या आधी बटाटा

लखनौमध्ये खास जेवणाचा बेत ठरला की कबाब, कोरमा आणि बिर्याणीच्या शेजारी एखादा युरोपीय पदार्थ मांडण्याची पद्धत आता रुळली आहे. ट्रफल या सुगंधी बुरशीच्या वासाचा मलईदार मॅश्ड पोटॅटो हा त्यातला मानाचा पदार्थ. अन्नविज्ञानाच्या बाजूने त्याच्याकडे पाहताना मला मात्र यजमानाच्या खर्चाचा आणि काळजीचा क्रम उलटा झालेला दिसतो. ट्रफल तेलाच्या छोट्या बाटलीसाठी तो पैशाकडे पाहत नाही, आणि बटाटा मात्र भाजीवाला देईल तो घेतो. त्याची जात कोणती, तो शेतातून कधी निघाला, मधले महिने कुठे होता, हे कोणी विचारत नाही. माझे म्हणणे असे आहे की या पदार्थाचे यशापयश जवळजवळ सगळे बटाट्यात ठरते. ट्रफल त्यावर शेवटचा हात फिरवतो, पण बिघडलेला मॅश सावरण्याची ताकद त्याच्यात नाही. आणि ज्या शहरात हे म्हणणे सर्वांत सहज पटावे ते शहर लखनौच आहे, कारण साधा जिन्नस नीट सांभाळावा आणि सुगंध अखेरीस द्यावा, ही तिथल्या रसोईची जुनी शिस्त आहे.

बटाट्याच्या वजनाचा सुमारे चार-पंचमांश भाग पाणी असतो. उरलेल्या घनभागात मुख्यतः स्टार्च असतो, आणि तो पेशींच्या आत बारीक कणांच्या रूपात साठलेला असतो. पाणी साठ-सत्तर अंशांवर गेले की हे कण पाणी शोषून फुगतात, आणि पेशींना एकमेकींशी जखडून ठेवणारे पेक्टिन उकळत्या पाण्यात सैल होते. चांगल्या मॅशमध्ये पेशी एकमेकींपासून सुटतात, पण फुटत नाहीत. फुगलेला स्टार्च प्रत्येक पेशीच्या आतच राहतो आणि जिभेला मऊ, सुटा, लोण्यासारखा स्पर्श जाणवतो. पेशी फुटल्या की तो स्टार्च बाहेर पडून सगळ्याची खळ होते. मिक्सरमधून काढलेला मॅश ताणला जातो आणि टाळूला चिकटतो, तो याच कारणाने. मलईदारपणाची लढाई अशी पेशीच्या भिंतीवर लढली जाते. भिंत शाबूत ठेवायची असेल तर आधी घनभाग जास्त असलेला बटाटा हवा, मग त्याला सोसेल असे तापमान, आणि शेवटी हलका हात.

खास जेवणाचा बेत दिवाळीच्या सुमारास असेल तर ही पहिली अटच अवघड होऊन बसते. देशातला जवळजवळ तिसरा हिस्सा बटाटा उत्तर प्रदेशात पिकतो. आग्रा, हाथरस, फर्रुखाबाद, कन्नौज या पट्ट्यात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागवड होते, मुख्य पीक जानेवारी ते मार्चमध्ये निघते आणि त्याचा मोठा भाग शीतगृहात जातो. तिथे दोन ते चार अंशांवर बटाट्याला मोड येत नाहीत, पण त्या थंडीत त्यातला स्टार्च हळूहळू साखरेत उतरतो. दिवाळीत लखनौच्या मंडईत मिळणारा जुना बटाटा हा असा सात-आठ महिने थंडीत राहिलेला आणि किंचित गोडसर झालेला असतो. त्याच्या शेजारी पातळ सालीचा नवा बटाटाही दिसू लागतो. तो दिसायला देखणा, पण पाणीदार. त्याच्या पेशी सहज सुटत नाहीत, म्हणून चेचाव्या लागतात, आणि चेचल्या की खळ होते. ट्रफलचा वास लसणाच्या वळणाचा, गंधकाच्या संयुगांवर उभा असलेला. गोडसर बटाट्यात तो विसंगत वाटतो आणि चिकट बटाट्यात तो पुरता मोकळा होत नाही. महागडी बाटली फिकी ठरली की दोष बाटलीला दिला जातो, पण पुष्कळदा तो शीतगृहातून आलेला असतो.

यावरचा उपाय लखनौच्याच बाजारात आहे. सिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने वेफर उद्योगासाठी ‘कुफरी चिप्सोना’ या जाती विकसित केल्या. त्यातली चिप्सोना-१ ही १९९८ मध्ये आली. या बटाट्यात घनभाग वीस टक्क्यांच्या वर असतो आणि साखर कमी. उत्तर प्रदेशात अनेक वर्षे चाललेली ‘कुफरी बहार’, जिला मंडईत आजही ‘३७९७’ याच आकड्याने ओळखतात, ती भाजीसाठी उत्तम, पण तिचा घनभाग यापेक्षा कमी. जातीइतकीच साठवणही महत्त्वाची. दहा-बारा अंशांवर, मोड रोखणारी प्रक्रिया करून ठेवलेला बटाटा आढती ‘शुगर फ्री आलू’ म्हणून विकतात. मधुमेहाशी या नावाचा संबंध नाही, कारण त्यातला स्टार्च जागच्या जागी असतो. थंडीत स्टार्चची साखर झालेली नाही, एवढाच त्याचा अर्थ. मॅशसाठी हाच बटाटा मागावा. तो न मिळाल्यास शीतगृहातला बटाटा घरात, उजेडापासून दूर, पंधरा दिवस ठेवला तर त्यातली थोडी साखर कमी होते. म्हणजे खास जेवणाची तयारी ट्रफल मागवण्याच्या आधी, बटाटा घेण्यापासून सुरू व्हायला हवी.

पुढचा भाग तापमानाचा आणि हाताचा. एक किलो बटाटे सोलून बोटाच्या जाडीच्या चकत्या कराव्यात, धुवाव्यात आणि सत्तर अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा तास ठेवाव्यात. पाणी उकळता कामा नये. मग त्या गार पाण्यात पूर्ण थंड करून पुन्हा मिठाच्या पाण्यात मंद आचेवर शिजवाव्यात. पहिल्या टप्प्यात पेशींच्या भिंती थोड्या बळकट होतात आणि फुगलेला स्टार्च थंड होताना आतल्या आत घट्ट होतो, त्यामुळे नंतर चाळताना तो सहसा बाहेर येत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात सुक्या बटाट्याच्या पापुद्र्यांचा उद्योग याच तत्त्वावर उभा राहिला. शिजलेल्या चकत्या निथळून पातेल्यात मंद आचेवर दोन-तीन मिनिटे परताव्यात, म्हणजे वरचे पाणी उडते आणि लोण्याला जागा होते. आधुनिक काळात ज्यांच्या मॅशची सर्वाधिक ख्याती झाली ते फ्रेंच आचारी जोएल रोबुशॉं बटाटा हाताने फिरवायच्या जाळीच्या यंत्रातून काढत आणि त्यात आधी गार लोणी, मग गरम दूध घालत. त्यांच्या प्रसिद्ध पाककृतीत किलोभर बटाट्याला पाव किलो लोणी आहे. ते यंत्र मराठी घराला नवे नाही, कारण आपले पुरणयंत्र तेच काम करते. ते पात्याने कापत नाही, जाळीतून दाबून काढते, आणि मॅशच्या पेशींना नेमके हेच मानवते. लखनौत म्हशीचे दूध सहज मिळते. त्यात सहा टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, त्यामुळे वेगळे क्रीमही लागत नाही. पाव लिटर दूध गरम करून बेताबेताने घालावे आणि लाकडी उलथन्याने हलके घोटावे.

आता ट्रफल. जमिनीखाली, ओक आणि हेझेलसारख्या झाडांच्या मुळांशी भागीदारी करून वाढणारी ही बुरशी. तिचा वास अनेक बाष्पनशील संयुगांनी मिळून बनतो आणि त्यातली बरीच उष्णतेने चटकन उडून जातात. बाजारातले बहुतेक ट्रफल तेल हे साध्या तेलात मुख्यतः एकच प्रयोगशाळेत बनवलेले संयुग, २,४-डायथायापेंटेन, मिसळून तयार होते. हे संयुग पांढऱ्या ट्रफलमध्ये निसर्गतः असते, म्हणून ओळख पटते, पण बाकीची साथ नसल्याने वास एकसुरी आणि आक्रमक लागतो. लेबलवर ‘फ्लेवर’ असे लिहिलेले असेल तर आत काय आहे ते समजावे. ताजा ट्रफल घ्यायचा तर हंगाम पाहायला हवा. दिवाळीच्या सुमारास इटलीतल्या पांढऱ्या ट्रफलचा हंगाम असतो, पण युरोपातला हिवाळी काळा ट्रफल डिसेंबरपासून पुढे येतो. शिवाय ताज्या ट्रफलचा सुगंध काही दिवसांतच ओसरतो. काळा ट्रफल मिळालाच तर माणशी पाच-सहा ग्रॅम पुरे. त्यातला निम्मा किसून आदल्या रात्री लोण्यात घालावा आणि घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा, कारण हा सुगंध स्निग्धांशात उतरतो. ते लोणी मॅशमध्ये सर्वांत शेवटी, आचेवरून उतरवल्यावर घालावे आणि लगेच झाकण लावावे. उरलेल्या अर्ध्याचे पातळ काप वाढताना वर पेरावेत.

ही रीत लखनौच्या रसोईला परकी नाही. अवधी आचारी केवडा किंवा मिठा अत्तर फोडणीत घालत नाहीत. हा सुगंध शेवटी येतो आणि भांड्याच्या तोंडाला कणीक लावून दम दिला जातो, म्हणजे वाफेबरोबर सुगंध निघून जाण्याऐवजी अन्नात परत उतरतो. लखनौपासून काही तासांवरचे कन्नौज तर या पदार्थाचे दोन्ही धडे एकाच मातीत देते. तिथल्या शेतांत बटाटा पिकतो आणि तिथल्या भट्ट्यांवर अत्तरासाठी देग-भपक्याने फुलांची वाफ चंदनाच्या तेलात पकडली जाते. क्षणात उडून जाणारे काही राखायचे असेल तर त्याला स्निग्ध आधार आणि झाकण हवे, हे ते कारागीर रसायनशास्त्राच्या पुस्तकाशिवाय ओळखून आहेत. अब्दुल हलीम शरर यांनी ‘गुझिश्ता लखनौ’मध्ये अशा खिचडीचे वर्णन केले आहे, जिच्यात बदाम तांदळाच्या आकारात आणि पिस्ते डाळीच्या आकारात कापलेले असत. महाग जिन्नस साध्या रूपात बसवायचा, आणि ते साधे रूप इतके चोख करायचे की पाहणाऱ्याने त्याला खिचडीच म्हणावे, ही त्यामागची दृष्टी होती. ट्रफल मॅशलाही तीच कसोटी लावावी. आधी तो उत्तम मॅश असला पाहिजे.

यावर पहिला आक्षेप असा येतो की परदेशी ट्रफलच कशाला, आपल्याकडे देशी ट्रफल आहेत. तराईच्या सालवनांत, पिलीभीत आणि लखीमपूर खिरीकडे, पावसाळ्यात जमिनीखाली ‘कटरुआ’ मिळतो आणि महागड्या भावाने विकला जातो. तो चविष्ट आहे, पण त्याची गंमत मांसल चावण्यात आणि मसालेदार रश्श्यात आहे. ट्रफलसारखा दरवळ त्याच्याकडून मागणे हा त्याच्यावर अन्याय आहे. शिवाय दिवाळीपर्यंत त्याचा हंगाम सरतो, आणि पिलीभीतचे जंगल २०१४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथली चोरटी खोदाई आपल्या मेजवानीने वाढवू नये. हिमालयातल्या गुच्छी या अळंबीचा पर्याय अधिक सुसंगत आहे. वसंतात वेचून सुकवलेली गुच्छी वर्षभर टिकते. चार जणांना आठ-दहा ग्रॅम पुरते. ती कोमट पाण्यात भिजवावी, ते पाणी वाळू काढण्यासाठी फडक्यातून गाळून आटवावे, आणि गुच्छी लोण्यात पूर्ण शिजवावी, कारण कच्ची गुच्छी विषारी असते. आटवलेले पाणी आणि ते लोणी मॅशमध्ये गेले की धुरकट, खमंग गोडी येते. मात्र याला गुच्छी मॅश म्हणावे. ट्रफलचे नाव देऊन पाहुण्याची आणि गुच्छीची, दोघांची फसवणूक करू नये.

दुसरा आक्षेप शुद्धतेचा. दस्तरख्वानवर फ्रेंच पदार्थ आणणे म्हणजे अवधी परंपरा पातळ करणे, असे काही जाणकार मनापासून मानतात. २०२५ च्या ऑक्टोबरअखेर युनेस्कोने लखनौला पाककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान दिल्यावर ही चिंता आणखी वाढणे साहजिक आहे. पण बटाटा फ्रान्सचाही मूळचा नाही. तो दक्षिण अमेरिकेतून आला, आणि पॅरिसच्या वैद्यकशाळेने तो खाण्यायोग्य असल्याचा निर्वाळा १७७२ मध्ये दिला. अवधचे नवाब आसफउद्दौलांनी राजधानी फैजाबादहून लखनौला हलवली ती १७७५ मध्ये. म्हणजे फ्रान्समध्ये बटाट्याची प्रतिष्ठा आणि लखनौची दरबारी रसोई साधारण एकाच काळात आकार घेत होत्या. त्याच लखनौत ल्योंचा क्लॉड मार्टिन राहिला आणि १८०० मध्ये तिथेच वारला. नवाब वाजिद अली शाह १८५६ मध्ये कलकत्त्याला गेले, आणि तिथल्या बिर्याणीत पुढे बटाटा मानाने बसला. परंपरा बाहेरच्या जिन्नसाने पातळ होत नाही. जिन्नसावर मेहनत न घेता नुसते नाव मिरवले की ती पातळ होते.

तिसरा आक्षेप व्यवहाराचा: पाहुण्यांना जात आणि साठवण कुठे कळणार? त्यांना ‘चिप्सोना’ हे नाव ठाऊक नसेल हे खरे. पण जिभेला चिकटणारा मॅश आणि जिभेवर विरघळणारा मॅश यांतला फरक मुलालाही कळतो, आणि तो फरक पैशाच्या मानाने फार स्वस्त आहे. बटाट्याच्या किलोमागे काही रुपये जास्त, पुरणयंत्राची दहा मिनिटे आणि अर्धा तास गरम पाणी. इतके लोणी आरोग्याला बरे नाही, हाही रास्त मुद्दा आहे. म्हणून हा पदार्थ ताटभर वाढायचा नाही. दोन-तीन डाव पुरेत, आणि चांगला झाला असेल तर तेवढ्यानेच तृप्ती होते.

म्हणून लखनौच्या हॉटेलांना आणि खास जेवण मांडणाऱ्या प्रत्येक यजमानाला माझी विनंती आहे की पदार्थाच्या यादीत ट्रफलच्या आधी बटाट्याचे नाव लिहावे. जात कोणती, कोणत्या जिल्ह्यातला, शीतगृहातला की शुगर फ्री, हे आढत्याला विचारावे आणि पाहुण्याला सांगावे. असे विचारणारे वाढले तर कन्नौज-फर्रुखाबादच्या शेतकऱ्याला जातिवंत बटाटा लावण्याचे आणि तो नीट साठवण्याचे कारण मिळेल. परदेशातून आलेल्या पाच ग्रॅम बुरशीवर आपण जेवढा जीव टाकतो, तेवढा आपल्या मातीतल्या किलोभर बटाट्यावर टाकला, तर तो मॅश ट्रफलशिवायही मेजवानीला शोभेल.