बाविसावं कलम

जयंतीला वर्गणी द्या म्हणलं की वस्तीत हात खिशात जातो. वेळ द्या म्हणलं की जो तो इकडंतिकडं बघतो. दोष देत नाही. रोजंदारीवाल्याला पैसा उसना मिळतो, वेळ कोण देणार? पण दोस्तांनो, 2024 च्या डिसेंबरानंतर परभणीत आम्हाला वेळच काढावा लागला.

10 डिसेंबरला रेल्वे स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापुढच्या संविधानाच्या प्रतिकृतीची नासधूस झाली. 11 ला बंद, दगडफेक, जाळपोळ. मग धरपकड. पकडलेल्यांत सोमनाथ सूर्यवंशी होता. वडार समाजातला, कायदा शिकत होता. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना तो गेला. कायदा शिकणारा माणूस! ह्याच्यावर कविता लिहायला बसलो, एक ओळ उतरली नाही.

त्या दिवसांत वस्तीत एकच बोलणं. पोलीस दारात आले तर म्हणायचं काय? एक म्हातारी म्हणाली, "आपलं पुस्तक फोडलं म्हणून पोरं पेटली. त्या पुस्तकात लिवलंय काय रे लेकरा?" कॉलेजच्या पोरांनी उद्देशिका खडाखडा म्हणून दाखवली. म्हातारीनं ऐकून घेतली. "चांगलंय. पण पोराला नेलं तर?"

मग विहारात वर्ग लावला. आठवड्यातून तीन रात्री, जिनिंगची पाळी सुटल्यावर, डोक्यातली रुई झटकून. सुरुवात पहिल्या कलमापासून नाही, बाविसाव्यापासून. पकडलं तर कारण सांगावं लागतं. आपल्या पसंतीचा वकील मागता येतो. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतं. बाईला दिवस मावळल्यावर, उजाडायच्या आत अटक नाही. तशीच अपवादाची वेळ आली तर बाई अधिकारी पाहिजे आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी पाहिजे. वकिलाला पैसे नसले तर कलम 39-क आहे, कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. म्हातारी बोटावर मोजत बसली. "म्हंजी आज दुपारी नेलं तर उद्या दुपारपस्तोर. मग घरात घड्याळ पायजे की!"

दुसऱ्या आठवड्यात तिनं भिंतीवरचं घड्याळ आणलं. वाचता येत नव्हतं, म्हणून आधी आकडे शिकवले. आकडे आल्यावर स्वतःहून अक्षरं मागितली.

आपल्यातलेच काहीजण नाकं मुरडतात. हे समाजकल्याण झालं म्हणतात, चळवळ नाही. मोर्चा काढा. मोर्चा काढतोच आम्ही. पण 1925 ला बाबासाहेबांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेनं सोलापुरात वसतिगृह काढलं, 1950 ला बाबासाहेबांनी औरंगाबादेत मिलिंद कॉलेज सुरू केलं, ते काय समाजकल्याण होतं? 27 जुलै 1978 ला नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडाभर आपल्या वस्त्या जळाल्या. विद्यापीठाला नाव लागायला 14 जानेवारी 1994 उजाडला. ज्या नावासाठी माणसं मेली, त्या विद्यापीठाच्या दारात जायला आपलं पोरगं आधी दहावी तरी पास व्हायला पाहिजे का नको?

"सेवा" हा शब्द मात्र मला नको. कुणावर उपकार करत नाही आम्ही. उद्या मलाच नेलं तर माझी माय बाहेर काय बोलेल, ह्याची तयारी आहे ही.

अमेरिकेत काळ्या लोकांना मत द्यायचं तर आधी वाचून दाखवावं लागायचं. साऊथ कॅरोलिनातल्या जॉन्स आयलंडवर 1957 ला एका दुकानामागच्या खोलीत मोठ्या माणसांचे वर्ग सुरू झाले. सेप्टिमा क्लार्क ह्या बाईनं ते उभे केले. पहिली शिकवणारी बर्निस रॉबिन्सन केस करणारी होती, मास्तरीण नव्हती. आपण 1972 ला पँथर हे नाव तिकडून घेतलं. ती दुकानामागची खोली घ्यायची राहिली.

आमच्या वर्गात बाया जास्त, बाप्ये कमी. बाप्ये दाराशी बिडी ओढत ऐकतात, आत यायला लाजतात. यायलेत हळूहळू. पुढच्या महिन्यात 1989 चा ॲट्रॉसिटीचा कायदा घेतोय. फिर्याद लिहून झाल्यावर वाचून दाखवायला लावायची, प्रत फुकट मागून घ्यायची, इथून सुरुवात. मानवत, सेलू, पाथरी, गंगाखेडच्या पोरांनी आपापल्या विहारात वर्ग लावावा. हातानं लिहिलेली वही आहे, उतरवून न्या. येताना खडू तेवढा आणा, इथला संपलाय.