स्टिअरिंग नसलेले दोन तास

गाडी चालवणारा माणूस देश पाहत नाही, रस्ता पाहतो. ही तक्रार नव्हे. रस्ता पाहण्यातही सुख असतं आणि न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर तर भरपूर असतं. तिथे आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, त्यामुळे हात लवकर सरावतात. पण चार मित्रकुटुंबं ताफा करून निघाली की नजरेला आणखी एक लगाम बसतो. समोर पुढच्या गाडीची नंबरप्लेट, आरशात मागची गाडी आणि वॉकीटॉकीवर अखंड कारभार: ‘पुढे एकेरी पूल आहे, सावकाश.’ ‘काका दिसत नाहीत, कोणी थांबलंय का?’ तळी, मेंढ्या, बर्फाची शिखरं हा शेजारच्या सीटचा वाटा. तिथून ‘अहो, बघा ना!’ येतं, आपण ‘हो’ म्हणतो आणि समोरच बघत राहतो.

मिलफर्ड साउंड या डोंगरांत शिरलेल्या खाडीला जायचा रस्ता तर चालवणाऱ्यांचाच. ते-आनाऊ गावात टाकी भरून घ्यायची, पुढे सुमारे एकशेवीस किलोमीटर वस्ती जवळजवळ नाही. शेवटी डोंगर आडवा येतो आणि त्याच्या पोटातून होमर बोगदा. लांबी जेमतेम सव्वा किलोमीटर, पण भिंती ओबडधोबड, पाणी ठिबकणाऱ्या, आणि आतला रस्ता थेट उताराचा. 1935 साली महामंदीतल्या बेरोजगारांच्या हाती कुदळी देऊन हे काम सुरू झालं. हिमप्रपातांनी त्यातल्या काहींचा जीव घेतला, मध्ये महायुद्ध आलं आणि गाड्यांसाठी बोगदा उघडायला 1954 उजाडलं. आपण तो काही मिनिटांत पार करतो आणि पलीकडे निघाल्यावर ‘सगळे आले का?’ एवढंच विचारतो.

धक्क्यावर पोचल्यावर मात्र सगळ्या किल्ल्या खिशात गेल्या. बोट दुसऱ्याची, कप्तान दुसरा, वेग त्याच्या मर्जीचा. शेजारच्या सीटवाल्या मंडळींना यात नवीन काहीच नव्हतं. त्यांनी खिडकीजवळची बाकं धरली आणि विमानतळावर रीतसर जाहीर करून सोडवून घेतलेला चिवडा काढला. खरी पंचाईत चालकांची झाली. एक जण कप्तानाच्या केबिनच्या काचेतून आतली यंत्रं न्याहाळत उभा. आमच्यातले ज्येष्ठ काका, जे रोज ‘लीड’ गाडी चालवत, त्यांनी विचारलं, ‘इथून समुद्र किती?’

‘पंधरा-सोळा किलोमीटर.’

‘मग पुढे?’

‘पुढे काही नाही काका, वळून परत इथेच.’

त्यांच्या चेहऱ्यावर, पैसे देऊन आपल्याला गोल फिरवलं जातंय, असा भाव आला. मला तो फार खरा वाटला. रस्त्यावरच्या दिवसाला मुक्काम असतो. पोचलो, की दिवस सार्थकी लागला. बोट कुठेही पोचवत नाही, आणि आमच्या पिढीला हे पचायला जड जातं. सहलीलासुद्धा आम्ही काम म्हणून निघतो.

त्यात पाऊस. माहितीपत्रकावरचं मायटर पीक, पाण्यातून थेट सतराशे मीटरच्या आसपास चढणारं, ढगात गडप. दोघांनी हळहळून घेतलं. मला विचाराल तर इथे स्वच्छ ऊन मागणं हाच करंटेपणा. वर्षाला साडेसहा हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. आंबोलीच्या तोडीचा, फक्त चार महिन्यांत न उरकता बारा महिने वाटून दिलेला. कायमचे मोठे धबधबे दोनच, बोवेन आणि स्टर्लिंग. बाकीचे शेकडो पावसाबरोबर उगवतात आणि पाऊस थांबल्यावर थोड्या वेळात आटतात. आम्हाला दिसले ते बरेचसे संध्याकाळपर्यंत शिल्लक नसणार. कप्तानाने बोटीचं नाक स्टर्लिंगच्या खाली नेलं. दीडशे मीटरवरून येणारं पाणी, म्हणजे तुषार नव्हेत, मार. डेकवरचा सावंतवाडीचा मित्र तेवढा हलला नाही.

कडे हिमनद्यांनी कापलेले, इतके उभे की माती टिकतच नाही. तरी त्यांवर जंगल आहे. आधी शेवाळ धरतं, त्यावर नेचे, मग झाडं. आणि झाडं खडकाला कमी, एकमेकांच्या मुळांना जास्त धरून उभी असतात. वरचं एक सुटलं की खालची सगळी ओढली जातात आणि कड्यावर फिकट पट्टा उरतो. तिथे पुन्हा शेवाळापासून सुरुवात. असे ताजे-जुने पट्टे दोन्ही बाजूंना दिसत होते.

पाण्याचंही तसंच, थरावर थर. जंगलातून झिरपून येणारं पावसाचं पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं होतं आणि खाऱ्या पाण्याच्या वर थर धरून राहतं. या गडद झाकणामुळे खाली उजेड फारसा पोचत नाही. एरवी खूप खोलवर राहणारं काळं पोवळं इथे दहा मीटरवरही वाढतं. नाव काळं, पण जिवंतपणी ते पांढरं दिसतं.

माओरी लोक इथे डोंगर ओलांडून हिरव्या दगडासाठी येत. 1770 मध्ये कॅप्टन कुक किनाऱ्याने गेला, पण आत शिरला नाही. समुद्राकडून हे तोंड सहज दिसतच नाही. सील मारणारे आले ते कातड्यांसाठी. ज्यांना काम होतं ते आले, नव्हतं ते पुढे गेले. नुसतं बघायला येणारा माणूस ही इथली नवी जमात. तिच्याबद्दल माओरी कथेत जणू आधीच तरतूद आहे. तू-ते-राकी-फानोआ या देवाने मंत्र म्हणत हे कडे तासले. ते इतके सुंदर उतरले की मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिला भीती वाटली, माणसं इथून हलणारच नाहीत. म्हणून तिने चावऱ्या माशा सोडल्या. त्या धक्क्यावर आजही चोख काम करतात. वहिनींनी पायमोज्यांवरून ओढणी गुंडाळली तरी घोटे सुजलेच.

समुद्राच्या तोंडाशी वारा बदलला, टास्मान समुद्राच्या लाटेने बोट एकदा जोरात उचलली आणि आम्ही वळलो. परतीच्या वाटेवर खडकावर सील पसरले होते. कोणाला घाई नव्हती. काका केव्हाचे डेकवर होते, हात मागे बांधून, आणि किलोमीटर विचारायचे थांबले होते.

परतताना बोगद्याच्या तोंडाशी सिग्नल लाल मिळाला. तिथे कीआ नावाचे डोंगरी पोपट गाड्यांची रबरं कुरतडायला टपलेले असतात. रोज सिग्नल लागला की वॉकीटॉकीवर काकांच्या सूचना सुरू होत. आज शांतता होती. शेवटी मागच्या गाडीतून कोणीतरी विचारलं, ‘काका, ऐकू येतंय ना?’

‘येतंय,’ उत्तर आलं. ‘वायपर खातोय एक जण. जरा बघू द्या.’