खोक्यावरचे नाव आणि आतली चिप

लिनक्ससाठी वायफाय कार्ड निवडताना खोक्यावरचे नाव जवळजवळ निरुपयोगी ठरते, कारण कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, ओळखतो ती आतली चिप. टीपी-लिंकच्या टीएल-डब्ल्यूएन७२२एन या यूएसबी कार्डाच्या पहिल्या आवृत्तीत अथेरॉसची एआर९२७१ ही चिप होती आणि तिच्या फर्मवेअरचा, म्हणजे कार्डातल्याच प्रोसेसरवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचा, स्रोतही २०१३ मध्ये खुला झाला. दुसऱ्या आवृत्तीत मात्र नाव तेच राहिले आणि आत रिअलटेकची वेगळीच चिप आली, त्यामुळे जुन्या शिफारशींवर विसंबणाऱ्यांची पंचाईत झाली. म्हणून जाणकार आधी ओळखक्रमांक पाहतो. ‘एलएसपीसीआय -एनएन’ ही आज्ञा दिली की संगणकाच्या आत बसवलेल्या प्रत्येक पीसीआय कार्डासमोर दोन क्रमांक जोडीने उमटतात, पहिला उत्पादकाचा व दुसरा उपकरणाचा. त्यात इंटेलचा क्रमांक ८०८६, म्हणजे त्या कंपनीच्या १९७८ च्या गाजलेल्या प्रोसेसरचेच नाव, असावा ही अभियंत्यांची थट्टाच म्हणायची.

क्रमांकावरून चिप कळली की तिचा ड्रायव्हर, म्हणजे कर्नलच्या वतीने ती चालवणारा प्रोग्रॅम, मूळ कर्नलमध्ये समाविष्ट आहे का, ही खरी कसोटी. बाहेरून आणून बसवलेला ड्रायव्हर आज चालला तरी कर्नलची नवी आवृत्ती आली की तो पुन्हा संकलित, म्हणजे कंपाइल, करावा लागतो, आणि दरम्यान कर्नलची अंतर्गत रचना बदलली असेल तर संकलनच अडते व दुरुस्ती कोणी करायची हा प्रश्न उरतो.

फर्मवेअरचा प्रश्न याहून वेगळा, कारण ड्रायव्हर खुला असला तरी फर्मवेअर बहुधा बंदिस्तच असते. डेबियन या लिनक्स वितरणाने २०२२ मध्ये मतदान घेऊन असे फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्याचे ठरवले आणि २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत ते आले. तोवर केवळ वायफायवर अवलंबून असलेल्याला नेट सुरू करण्याची फाइल नेटवरूनच मिळवावी लागे.

लॅपटॉपमध्ये कार्ड बदलताना आणखी एक खोच असते. इंटेलची एएक्स२०० आणि एएक्स२०१ ही कार्डे दिसायला सारखी असली, तरी दुसऱ्याचे निम्मे काम इंटेलच्याच चिपसेटवर सोपवलेले असल्यामुळे ते एएमडीच्या लॅपटॉपमध्ये चालत नाही. साध्या वापराला एएक्स२०० उत्तम. पण संगणकालाच ५ गिगाहर्ट्झवरचा ॲक्सेस पॉइंट करायचा असेल, तर इंटेलच्या फर्मवेअरमधले प्रदेशनिहाय निर्बंध आड येतात, आणि तिथे मीडियाटेकचे कार्ड घेणेच शहाणपणाचे.