वाक्याच्या आरंभीचा शब्द

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप संपादक मंडळाकडून आला तेव्हा संस्थेच्या वाटचालीवर लिहावे, असे प्रथम आमच्या मनात आले. इतिहास हा आमचा एम. ए.चा विषय, तेव्हा अपेक्षाही तीच असणार. परंतु ते काम इतर सहकारी आमच्याहून अधिक अधिकाराने करतील. आम्ही येथे इंग्रजीतील एका लहानशा शब्दाविषयी लिहीत आहोत, कारण त्या शब्दापायी आमच्या हातून एका विद्यार्थ्यावर अन्याय झाला आणि तो अद्याप आम्हाला विसरता आलेला नाही.

इंग्रजीचे तास आमच्याकडे आले ते केवळ सोयीमुळे. शिक्षकाची जागा रिकामी होती आणि आम्ही 'हो' म्हणणाऱ्यांपैकी होतो. रेन आणि मार्टिन यांचे व्याकरण आमच्या टेबलावर असे. कर्ता, क्रियापद, कर्म आणि सरतेशेवटी क्रियाविशेषण, अशी एक पायवाट आम्ही मुलांना आखून दिली आणि त्या वाटेवरून कोणी उतरला की लाल रेघ मारली. पहिल्या पिढीच्या शिक्षकाला नियम फार प्रिय असतो. नियम हाताशी असला म्हणजे कोणी हसत नाही, असे त्याला वाटते.

कारण आमच्यावर हसले गेले होते. तरुणपणी एका मुलाखतीत आम्ही प्रत्येक उत्तराचा आरंभ 'ऑनेस्टली' या शब्दाने करीत होतो. तिसऱ्या वेळी समितीतील एका गृहस्थांनी विचारले, ''म्हणजे याआधीची उत्तरे खोटी होती काय?'' सारे हसले. आम्हीही हसलो. जागा मिळाली नाही ती अन्य कारणांनी असेल. पण त्या दिवसापासून वाक्याच्या तोंडाशी क्रियाविशेषण आलेले आम्हाला खपेनासे झाले.

वास्तविक, दैनंदिन इंग्रजीत ही रीत सर्रास आहे. 'युज्वली', 'समटाइम्स', 'फॉर्च्युनेटली', 'ऑब्व्हिअसली' हे शब्द वाक्याच्या आरंभी येतात, त्यांच्यानंतर बहुधा स्वल्पविराम येतो आणि मग कर्ता अवतरतो. आपल्या मराठीतही 'सुदैवाने', 'खरे पाहता', 'बहुधा' असेच येतात. फरक इतकाच की मराठीत शब्दाची जागा हलविली तरी पुष्कळदा अर्थ फारसा हलत नाही. 'बहुधा तो आला असेल' म्हणा की 'तो बहुधा आला असेल' म्हणा. इंग्रजीत मात्र जागा बदलली की वाक्य पालटू शकते. 'ही डिड नॉट स्पीक ऑनेस्टली' म्हणजे तो बोलला, पण प्रामाणिकपणे बोलला नाही. 'ऑनेस्टली, ही डिड नॉट स्पीक' म्हणजे तो बोललाच नाही, आणि हे आम्ही शपथेवर सांगतो. साक्षीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसाला हा भेद किती महाग पडेल, याचा विचार करावा.

'क्रियाविशेषण' हे नावच येथे फसवे आहे. आरंभीचा हा शब्द अनेकदा क्रियेविषयी काहीच सांगत नाही. तो सबंध वाक्याकडे बोलणारा कोणत्या नजरेने पाहतो, ते सांगतो. इंग्रजांच्या भाषेतही यावरून वाद झाले आहेत. 'होपफुली' हा शब्द 'अशी आशा आहे' या अर्थाने वाक्यारंभी वापरणे अनेक जाणकारांना अशुद्ध वाटे; अमेरिकेतील असोसिएटेड प्रेसच्या शैलीपुस्तिकेने तो वापर मान्य केला तो २०१२ साली. म्हणजे ज्या मुद्द्यावर त्यांच्या संपादकांचे एकमत नव्हते, त्या जातीच्या मुद्द्यावर आम्ही खेड्यातल्या मुलांचे गुण कापीत होतो.

अर्थात सगळीच मोकळीक नाही. 'नेव्हर' किंवा 'सेल्डम' आरंभी आले तर साहाय्यक क्रियापद कर्त्याच्या पुढे आणावे लागते. साध्या बोलण्यात ती रचना जडच वाटते. आणि हल्लीची मुले 'अ‍ॅक्चुअली' आणि 'बेसिकली' यांवाचून तोंड उघडीत नाहीत, तेही आम्हाला रुचत नाही. मात्र आता आम्ही रागावत नाही. परक्या भाषेत पाऊल टाकण्यापूर्वी पोर काठीने पाण्याचा ठाव घेत असते.

इतिहासाच्या तासाला हीच गोष्ट आम्हाला कितीतरी आधी कळली होती, हे नवल. १८१८ साली पेशवाई बुडाली. या वाक्याच्या आधी कोणी 'दुर्दैवाने' लिहितो. ज्याच्या पूर्वजांच्या गळ्यात मडके होते, तो तेथे काय लिहील? घटना तीच, सन तोच; पहिला शब्द लिहिणारा कोण, हा प्रश्न आम्ही वर्गात दरवर्षी विचारीत असू. इंग्रजीच्या तासाला मात्र तो आम्हाला सुचला नाही.

नववीच्या वर्गाला 'माय फादर' हा निबंध दिला होता. ऊसतोड कामगाराचा एक मुलगा होता, अबोल. त्याचे वडील आदल्या पावसाळ्यात वारले होते. त्याने लिहिले होते, 'फॉर्च्युनेटली, माय फादर डाइड इन द हॉस्पिटल.' आम्ही हळहळलो आणि त्या शब्दाच्या आधी लाल शाईने यू आणि एन ही दोन अक्षरे जोडली. शब्द वाक्याच्या आरंभी घेतला म्हणून एक गुणही कापला.

चार-पाच दिवसांनी सायंकाळच्या वंदनेनंतर तो वही घेऊन आमच्या खोलीशी आला.

''सर, मला 'फॉर्च्युनेटली'च म्हणायचं होतं.''

आम्ही त्याला आत बसविले. तो खाली पाहत बोलत राहिला. ''चुलता कर्नाटकात फडावरच गेला, सर. उचल फिटली नव्हती. आमाला तोंडबी दिसलं नाही. आबा दवाखान्यात गेले. आमी समदी जवळ होतो. आईनं पाणी पाजलं.''

आमच्याजवळ बोलण्यासारखे काही नव्हते. त्याने व्याकरण चुकविले नव्हते, शब्द चुकविला नव्हता, स्वल्पविरामसुद्धा जागेवर होता. मृत्यूला सुदैव कोणी म्हणत नाही, हे आम्ही आमच्या पगारी घरातून ठरविले होते. आणि त्याने ते वाक्य त्याच्या घरातून लिहिले होते.

आम्ही ती दोन अक्षरे खोडली, कापलेला गुण परत दिला आणि समासात तारीख घालून सही केली, हजेरीपटात चूक झाली म्हणजे करतो तशी. तो ''जय भीम, सर'' म्हणून जेवणाच्या पंगतीकडे गेला. त्या रात्री वर्गाच्या उरलेल्या वह्या आम्ही पुन्हा पहिल्या पानापासून तपासावयास घेतल्या.