कुपातली माणसं

परवा एक जुना मूकपट पाहिला. स्वीडनमधले मजूर गार नदीत वाहणाऱ्या ओंडक्यांवर उभे राहून लांब काठ्यांनी लाकूड पुढे लोटत होते. तिथल्या क्लार नदीवर हे काम १९९१ सालापर्यंत चाललं. शेजारच्या फिनलंडनं तर जंगलातल्या कष्टांची आठवण जपायला १९९४ मध्ये लुस्तो नावाचं संग्रहालयच उघडलं. मूकपट संपला आणि माझं मन सातपुड्याकडच्या आमच्या सोनाळ्याच्या नाक्यावर जाऊन बसलं.

आमच्याकडे लाकूड नदीतून येत नसे. सातपुड्यातल्या नद्या पावसाळ्यात दरडी फोडत धावतात आणि उन्हाळ्यात डोहात बसून राहतात. सागवान यायचं बैलांच्या बंडीतून. दिवाळी सरली की ओट्यावर एकच विचारणा असायची, "यंदा कूप कोनत्या नाल्यात निंगाला?" कूप म्हणजे त्या वर्षी तोडायला काढलेला जंगलाचा तुकडा. आधी झाडावर हातोड्याची छाप पडायची, मगच कुऱ्हाड. एक छाप बुडाशीही असायची. झाड गेलं तरी ती थुटावर राही आणि चोरतोड तिथंच उघडी पडे. कोरकू, निहाल, भिलाला गडी दोन बल्ल्या तिरक्या लावून ओंडका दोरानं बंडीवर ओढत. एकाचा हात सुटला तर दुसऱ्याचा पाय जायचा, म्हणून सगळ्यांचा श्वास एका तालात चाले. पहाटे बंड्या गावात शिरत, तेव्हा अंथरुणात पडल्या पडल्या चाकांच्या आवाजावरून आजी सांगायची, भरलेली की रिकामी. ओल्या सागाचा तो कातड्यासारखा वास आजही आला तर मी ओळखीन.

यातलं एकही चित्र माझ्यापाशी नाही. साहेबाच्या काळातले शिकारीचे फोटो पुस्तकांतून पाहिलेत. मेलेल्या वाघाशेजारी बंदूक घेऊन साहेब, मागे ओळीनं हाकेवाले. खाली नाव साहेबाचं. हाकेवाल्यांची नावं कुणी विचारलीच नाहीत. ज्यांनी वणवा अडवायला जाळरेषा कापल्या, रोपं लावली, जे वणव्यात ओल्या फांद्या घेऊन धावले, त्यांना तर कुणी फोटोतही उभं केलं नाही.

१९९७ साली आमच्या या रानाचं अंबाबरवा अभयारण्य झालं, सुमारे १२७ चौरस किलोमीटरचं. पुढे ते मेळघाट व्याघ्र प्रकल्पात आलं. २००० साली सर्वोच्च न्यायालयानं अभयारण्यांतलं वाळकं लाकूडसुद्धा उचलायला मनाई केली. आतली काही गावं, खुद्द अंबाबरवासुद्धा, बाहेर येऊन वसली. वाघाला निवांत रान हवं, हे मला मनापासून पटतं. कूप बंद झाले ते बरंच झालं. आता पायवाटेच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना कॅमेरे बांधतात, समोरासमोर, कारण वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात आणि ओळख पटायला दोन्ही लागतात. एकेका वाघाची अशी नोंद होते, आणि व्हायलाच हवी. पण त्याच वाटेवरून पन्नास वर्षं बंडी हाकणाऱ्याची कुठंच नोंद नाही, ही गोष्ट मला टोचते. पूर्वी रानात माणसं होती तेव्हा त्यांच्यासाठी कॅमेरा नव्हता. आता कॅमेरे आले आणि माणसं निघून गेली.

म्हणून सोनाळ्यातल्या, संग्रामपूर-जळगाव जामोदकडच्या घरांना माझी विनंती आहे. माळ्यावरची पत्र्याची पेटी उघडा. एखाद्या लग्नाच्या फोटोत मागे बंडी दिसेल, एखाद्या जुन्या ओळखपत्रावर आजोबांचा चेहरा असेल. पाठीमागे पेन्सिलीनं नाव लिहा, साल लिहा, कूप कोणता तेही लिहा, बैलांची नावंसुद्धा. शाई वापरू नका, ती पुढं उमटते. फोटो नसेल तर ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्याजवळ जा, फोनचं रेकॉर्डिंग सुरू करा आणि विचारा, "बाबा, तुमचा पयला कूप कोनता?" पुढच्या उन्हाळ्याची वाट पाहू नका.