कापसाचा बोळा

आमच्या गावात शांतता ऐकायची असेल तर वीज जावी लागते. मी इचलकरंजीचा. 1904 साली विठ्ठलराव दातार यांनी इथे पहिला यंत्रमाग बसवला, आणि तेव्हापासून या गावाचा धोटा थांबलेला नाही. बिनधोट्याचे नवे माग आता पुष्कळ आले. पण आमच्या गल्लीत अजून जुने साधे मागच आहेत. खट्-खट्, खट्-खट्! परगावचा पाहुणा आला की पहिल्या रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागत नाही. आमचे उलटे. वीज गेली, माग थांबले, की आम्हाला जाग येते. पाळण्यातली पोरे दचकून रडू लागतात.

अशा गावात मी कादंबऱ्या लिहितो. पोटासाठी शाळेत चित्रकला शिकवतो आणि रात्री जेवणे झाली की खिडकीपाशी बसून लिहितो. शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक, आणि वर चित्रकलेच्या परीक्षा. खिडकीच्या पलीकडे बारा हातांवर मागांचे शेड आहे. आजवर चार कादंबऱ्या मी या खटखटीत लिहिल्या आणि कधी तक्रार केली नाही. यंदा मात्र पाचवीचे सातवे प्रकरण अडले. कादंबरी अडली की लेखकाला कोणीतरी गुन्हेगार लागतो. तो स्वतः असण्याची शक्यता त्याला सहसा सुचत नाही. मी मागांना धरले.

“पप्पा, इयरबड्स घ्या ना,” माझी मुलगी सई म्हणाली. “नॉईज कॅन्सलेशनवाले. बाहेरचा आवाज बंदच होतो.”

“अहो, दोन हजारांच्या वर जाऊ नका म्हणजे झालं,” स्वयंपाकघरातून आवाज आला. फराळाचे सामान अजून भरायचे होते.

दोन हजारांत शांतता मिळते हे ऐकून मला प्रथम हसू आले. आणि मग मी त्या शोधात असा काही बुडालो, की मुलीसाठी स्थळ पाहणारा बापही इतक्या चौकशा करीत नसेल. आठ दिवस शिक्षकांच्या खोलीत दुसरा विषय नव्हता. त्यातून एक गंमत कळली. ही बोंडे विकणाऱ्या एका कंपनीचे नाव आहे ‘नॉईज’ आणि दुसरीचे ‘नथिंग’. गोंगाट आणि शून्य! आमच्या कीर्तनकारबुवांना हे ठाऊक असते तर त्यांनी यावर अख्खे आख्यान लावले असते.

शेवटी दुकानात गेलो. काउंटरवर माझाच एक जुना विद्यार्थी निघाला. चित्रकलेत तो यथातथाच होता. पण इथे त्याने माझीच शिकवणी घेतली.

“सर, ही नाही,” माझ्या हातातली नऊशे रुपयांची डबी काढून घेत तो म्हणाला. “हिच्यावर ई. एन. सी. लिहिलंय. ते फोनवर बोलताना पलीकडच्याला आपल्याकडचा गोंगाट जाऊ नये म्हणून असतं. आपल्या कानाला त्याचा काही उपयोग नाही. तुम्हाला ए. एन. सी. पाहिजे.”

एका अक्षराचा फरक! पहिली परोपकारी आणि दुसरी स्वार्थी. मी विचारपूर्वक स्वार्थी मागितली.

मग त्याने एकेक गोष्ट समजावली. डबीवर ‘32 डेसिबल’ असे ठळक छापलेले असते, ते सगळ्या आवाजांना लागू नसते. ज्या पट्टीत यंत्र सर्वांत उत्तम चालते, तिथला तो आकडा. आवाज कमी करण्याची सोय चालू ठेवली की बॅटरी लवकर उतरते, म्हणून तासांचे आकडे वाचताना ती सोय चालू धरून दिले आहेत की बंद धरून, हे विचारावे. घामाचे नि पावसाचे चार थेंब सोसायला ‘आयपीएक्स चार’ असे काही लिहिलेले असावे. बाहेरचे मुद्दाम ऐकू येण्याचीही कळ असावी, नाहीतर रस्त्यात मोटारीखाली जायचे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रबरी टोप्या. लहान, मध्यम आणि मोठ्या अशा तीन जोड्या येतात. टोपी कानात नीट बसली नाही तर कितीही महाग यंत्र घेतले तरी फुकट.

मी बसवून पाहिल्या. डाव्या कानाला मध्यम टोपी लागली, उजव्याला मोठी. बावीस वर्षे मी फळ्यावर माणसाचे कान काढत आलो आणि माझेच दोन कान सारखे नाहीत हे मला त्या काउंटरवर कळले!

या यंत्राची युक्ती मात्र माझ्यासारख्या चित्रकलेच्या मास्तराला चटकन पटण्यासारखी आहे. आवाज म्हणजे लाट. बोंडात बसवलेला इवलासा मायक्रोफोन बाहेरची लाट ऐकतो, आणि आतले यंत्र तत्क्षणी तिच्या बरोबर उलटी लाट तयार करून कानात सोडते. एकीचा उंचवटा तिथे दुसरीचा खळगा. दोन्ही एकमेकींवर पडल्या की उरते सरळ रेघ. कल्पना जुनी आहे. पाउल ल्यूग नावाच्या जर्मन माणसाला 1936 साली अमेरिकेत तिचे पेटंट मिळाले. पण ती रेघ प्रत्यक्षात ओढणारे चपळ यंत्र तेव्हा नव्हते. पुढे 1978 मध्ये अमर बोस हे प्राध्यापक विमानातून प्रवास करीत असता इंजिनाच्या घरघरीने त्रासले आणि त्यांनी तिथेच कागदावर याची आकडेमोड सुरू केली. त्यांचे वडील बंगालचे. स्वातंत्र्याच्या चळवळीपायी इंग्रजांच्या राज्यातून निघून अमेरिकेत गेलेले. त्या आकडेमोडीतून वैमानिकांसाठी यंत्र बाजारात यायला 1989 साल उजाडले. त्याच जातीचे यंत्र आज माझ्या दिवाळीच्या दोन हजारांत बसते!

घरी येऊन मोठ्या थाटात मी ती बोंडे कानात घातली आणि खिडकीपाशी बसलो. डोक्यावरच्या पंख्याची घरघर नाहीशी झाली. शेडातल्या मोटरींचा घुमारा विरून गेला. फ्रिज गप्प बसला. आणि या सगळ्या पोकळीतून, स्वच्छ, लख्ख, एकेक ठोका वेगळा काढून ठेवल्यासारखा आवाज येऊ लागला — खट्-खट्, खट्-खट्!

वाचकहो, मी फसलो नव्हतो. यंत्राचा धर्मच तसा आहे. एकसुरी, सावकाश हेलकावणाऱ्या जाड आवाजाची उलटी लाट त्याला नेमकी काढता येते. पण धोट्याचा ठोका, भांड्याचा खणखणाट किंवा बायकोची हाक हे आवाज इतके बारीक आणि चपळ, की त्यांना गाठेपर्यंत ते कानात शिरलेलेही असतात. त्यांना अडवायचे ते त्या रबरी टोपीने, जमेल तेवढे. ठोका थोडा मऊ झाला होता खरा. पण आजवर घुमाऱ्यात लपलेला तो आता एकटा उघडा पडला होता.

एवढ्यात आबा, म्हणजे माझे वडील, मागे येऊन उभे राहिले. त्यांनी माझ्या कानाकडे निरखून पाहिले.

“काय घातलंयस रं कानात?”

मी बोंड काढून त्यांच्या हातावर ठेवले. किंमत सांगितली. दोनदा सांगावी लागली.

“दोन हजार!” आबा हसले. “आरं, आमी कापसाचा बोळा घालायचो. फुकट. कापसाला काय तोटा हुता व्हय?”

“मग नंतर का सोडलात?”

“बोळा घातला की माग काय म्हणतोय ते ऐकू यायचं न्हाई. धागा तुटायच्या आधी आवाज बदलतोय त्याचा. त्यो ऐकला न्हाई की कापड बाद, आन् पगारातनं कापून जायाचं. मग दिला टाकून बोळा.”

आबांनी पस्तीस वर्षे माग चालवला. बारा तासांची पाळी. त्यांना ऐकायला कमी येते हे आम्ही सगळे जाणून होतो, जसे घराच्या भिंतीला ओल आहे हे आपण जाणून असतो. उलट घरात त्याचे विनोद झाले होते. बायको म्हणाली, “साखर संपली,” की आबा उत्तर देत, “भाकर? आता नगं, मघाशीच खाल्ली.” आणि सई पोट धरून हसे. आबाही हसत. ते कशाला हसताहेत हे त्यांना कळत नसावे, पण सगळे हसले की तेही हसत.

त्या रात्री बोंडांच्या डबीबरोबर आलेला कागद वाचत बसलो. आवाज फार मोठा ठेवू नका, अशी ताकीद त्यावर होती. तिच्या मागोमाग आणखी थोडे वाचले. जागतिक आरोग्य संघटना सांगते, 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास ऐकला तर चालेल. 90 चा असेल तर आठवड्याला चारच तास. 100 चा असेल तर आठवड्याला वीस मिनिटे. धोट्याच्या मागांच्या शेडात आवाज शंभराच्या आसपास असतो. आठवड्याची वीस मिनिटे! आबांचा सोमवारचा वाटा सकाळच्या पहिल्या चहाच्या आत संपत होता.

आणि अशा आवाजाने कान जातात तेही एकदम जात नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. स, श, त, क. जाड आवाज शेवटपर्यंत राहतात. म्हणून माणूस म्हणतो, “मला ऐकू येतंय, पण समजत नाही.” साखरेतला ‘सा’ मधला ‘स’ वाटेत गळतो, उरलेला ‘आखर’ घेऊन आबा आपल्या परीने जवळचा शब्द शोधतात. ती चेष्टा नव्हती. ते पस्तीस वर्षांचे देणे होते, आणि आम्ही त्यावर हसत होतो.

तेव्हा ध्यानात आले, की माझी बोंडे आणि आबांचे कान बरोबर एकमेकांच्या उलटे आहेत. बोंडे जो घुमारा काढून टाकतात, तेवढाच आबांना उरला आहे. आणि बोंडांना जे अडवता येत नाही, नेमके तेच आबांचे गेले आहे. माझ्या कानांच्या सुखासाठी मी आठ दिवस बाजार पालथा घातला. त्यांच्या कानांसाठी गेल्या दहा वर्षांत एक तास काढला नव्हता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना कानाच्या डॉक्टरांकडे नेले. “ह्या वयात काय ऐकायचं ऱ्हायलंय?” असे म्हणत ते आले. तपासणीचा कागद डॉक्टरांनी माझ्यापुढे धरला. रेघ डावीकडे बरी चालली होती. उजवीकडे सरकता सरकता चार हजारांच्या खुणेपाशी कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती. फळ्यावर मी पुष्कळ डोंगर काढले. इतका सरळ कडा कधी काढला नाही.

श्रवणयंत्र एका कानापुरतेच परवडले. बावीस हजार, हप्त्याने. (प्रस्तुत लेखाचे मानधन संपादकांनी कृपया लवकर पाठवावे.) तेही माझ्या बोंडांचेच भावंड. मायक्रोफोन तसाच, आतले यंत्र त्याच जातीचे. पण एक वजाबाकी करते आणि दुसरे बेरीज. कड्यावरून जेवढे कोसळले, तेवढेच नेमके उचलून वर आणते. गेलेले कान मात्र ते परत देत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले.

घरी आल्यावर आबा ओसरीवर बसले. बायको आतून म्हणाली, “अहो, साखर आणायची आहे.” आबांनी मान वळवली. “साखर आणाय सांगतीय ती,” ते मला म्हणाले. सई हसली नाही. तिने आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला.

थोड्या वेळाने आबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्यांनी गल्लीकडे पाहिले, शेडाकडे पाहिले.

“किती आवाज हाय रं हितं!” ते म्हणाले. “ह्यात तू ल्हितोस तरी कसा?”

आता रात्री दहा वाजता आबा आपले यंत्र काढून डबीत ठेवतात आणि मी माझे डबीतून काढतो. फडताळात दोन्ही डब्या शेजारी शेजारी असतात. मी एकच बोंड घालतो, डाव्या कानात. उजवा आबांच्या खोलीकडे मोकळा ठेवतो. सातवे प्रकरण कसेबसे पुढे सरकले. गुन्हेगार माग नव्हते.

परवा पहाटे वीज गेली. मी जागा झालो. आबा अंथरुणावर उठून बसले होते. कान उघडा, डबी बंद.

“माग थांबलं,” ते हळूच म्हणाले.

ते त्यांना यंत्रावाचून ऐकू आले होते.