एडिटर कोणाच्या भाषेत लिहावा?

आजचा धागा मोडी कागदांवरून जरा बाजूला, ते कागद आपण ज्यात टंकून काढतो त्या साधनाकडे वळतो. टेक्स्ट एडिटरलाही इतिहास आहे आणि त्यात जवळपास पन्नास वर्षे एक वाद चालू आहे: एडिटर सी किंवा रस्टसारख्या कंपाइल्ड भाषेत लिहावा, की लिस्प, जावास्क्रिप्टसारख्या स्क्रिप्टिंग भाषेत? कंपाइल्ड भाषेतील मजकूर आधी संपूर्णपणे यंत्रभाषेत उतरवावा लागतो, मग तो वेगाने धावतो. स्क्रिप्टिंगमध्ये ढोबळमानाने वेग कमी, पण एडिटर चालू असतानाच त्यात फेरफार करता येतो.

हा वाद नेहमी वेगाच्या नावाने मांडला जातो. मला तो अधिकाराचा वाटतो. साधन बदलण्याची मुभा कोणाला?

१९७६ साली एमआयटीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन आणि गाय स्टील यांनी ईमॅक्स घडवला, तो टेको नावाच्या जुन्या एडिटरच्या मॅक्रोंमधून. टेकोच्या आज्ञा इतक्या त्रोटक, की अनोळखी वाचकाला छपाई बिघडली असेच वाटावे. पुढे १९७८ मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्ग यांनी मल्टिक्स या कार्यप्रणालीसाठी ईमॅक्स लिस्पमध्ये लिहिला. त्याची एक हकीकत स्टॉलमन सांगतात. ग्रीनबर्ग यांच्या कार्यालयातील सेक्रेटरी मंडळी एडिटरला नव्या आज्ञा शिकवू लागली. त्यांच्या हाती एक मार्गदर्शिका होती. तीत हे ‘प्रोग्रामिंग’ आहे असे कुठेच म्हटलेले नव्हते. आपल्याला प्रोग्रामिंग जमणार नाही अशी ज्यांची खात्री होती, ती माणसे त्यामुळे बिचकलीच नाहीत.

स्टॉलमन यांच्या ग्नू ईमॅक्सने (१९८५) मधला मार्ग काढला: गाभा आणि लिस्पचा दुभाषा सीमध्ये, वरचा बहुतेक डोलारा लिस्पमध्ये.

त्या डोलाऱ्यात माझ्याही आठ ओळी आहेत. पेशवेकालीन पत्रांवर शुहूर सन अरबी शब्दांत असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१. सन मृगात पालटतो, म्हणून मृगापासून डिसेंबरपर्यंत ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. पानिपतचा जानेवारी असेल तर १७६१. शेकडो पत्रांत ही बेरीज हाताने करताना एका वर्षाची चूक सहज होते, आणि एका वर्षाने घटनाक्रमच उलटा होतो. हे काम कोणताही एडिटर-निर्माता माझ्यासाठी करणार नव्हता. सी न शिकता ते माझे मला करता आले.

या मोकळिकीची किंमत मात्र खरी आहे. गिटहबचा ॲटम २०१४ मध्ये आला, बव्हंशी जावास्क्रिप्टच्या घराण्यातला. आरंभी तो दोन मेगाबाइटहून मोठी फाइल उघडतच नसे. पुढे त्याचा मजकूर सांभाळणारा भाग सी प्लस प्लसमध्ये नेला गेला; तरी मंदपणाचा लौकिक पुसला नाही आणि २०२२ अखेर प्रकल्प बंद झाला.

पण कंपाइल्ड म्हणजे वेगवान, हेही सरसकट खरे नाही. व्हीएस कोडच्या चमूने २०१८ मध्ये आपला मजकूर-साठा नव्याने रचला, कारण ३५ मेगाबाइटची एक फाइल उघडताच सुमारे ६०० मेगाबाइट स्मृती खात होती. त्यांनी सी प्लस प्लसचा विचार करून तो सोडून दिला. दोन भाषांच्या सीमेवर प्रत्येक ओळ इकडून तिकडे नेताना होणारा खर्च मिळणाऱ्या वेगाला गिळत होता. मग टाइपस्क्रिप्टमध्येच राहून त्यांनी साठ्याची रचना बदलली, आणि काम भागले. दुभाष्याची दस्तुरी किती, हा प्रश्न वसाहतकालीन कारभार अभ्यासणाऱ्यांना नवा नसावा.

ॲटमच्या काही कर्त्यांनी नंतर झेड हा एडिटर रस्टमध्ये लिहिला. तो विलक्षण चपळ आहे. मात्र त्याला वेगळे वागायला शिकवणारी पुरवणी लिहायची, तर तीही रस्टमध्येच लिहून कंपाइल करावी लागते. माझ्या प्रबंधाची मुदत मार्चमध्ये संपते आहे. तोवर तरी शुहूर सन लिस्पमध्येच मोजला जाईल.